बेडझेडचे पर्यावरणीय मूल्यमापन

बेडझेड (‘बेडिंग्टन झीरो एनर्जी डेव्हलपमेंट’ या नावाचे संक्षिप्त रूप) हे दक्षिण लंडनमधील सटन या प्रशासकीय विभागात वसलेले ८२ घरांचे गृहसंकुल आहे. शाश्वत गृहबांधणीचा मोठ्या प्रमाणावरील आरंभीचा प्रयोग म्हणून ते ओळखले जाते. संकुलाचे बांधकाम २००२ मध्ये पूर्ण झाले व त्याच वर्षी तेथे लोक राहू लागले. जीवाश्म इंधनांचा वापर न करता घरांची उष्णतेची व विजेची गरज भागवणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट होते. वसाहत उभी राहिल्यानंतर तिच्या प्रत्यक्ष कामगिरीचे वारंवार मोजमाप झाले आणि त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. त्यामुळे एखादे घर पर्यावरणस्नेही आहे हे ठरवायचे कसे, या प्रश्नाच्या अभ्यासात बेडझेडचे उदाहरण सातत्याने घेतले जाते. घरांची रचना यशस्वी ठरली, ऊर्जा व सांडपाण्याची गुंतागुंतीची यंत्रणा अपयशी ठरली आणि रहिवाशांच्या एकूण पर्यावरणीय भारापैकी मोठा भाग घराबाहेरच निर्माण होतो, हे या मूल्यमापनाचे तीन मुख्य निष्कर्ष आहेत.

पार्श्वभूमी

बेडझेडची कल्पना वास्तुविशारद बिल डन्स्टर आणि १९९४ मध्ये स्थापन झालेली ‘बायोरिजनल’ ही पर्यावरण संस्था यांच्या सहकार्यातून आकाराला आली. प्रकल्पाचा विकासक ‘पीबॉडी ट्रस्ट’ होता. ही लंडनमधील जुनी धर्मादाय गृहनिर्माण संस्था असून अमेरिकी बँकर जॉर्ज पीबॉडी यांच्या देणगीतून १८६२ मध्ये तिची स्थापना झाली. इमारतींचे उष्णताविषयक गणित आणि ऊर्जायंत्रणा यांचे काम ‘अरुप’ या अभियांत्रिकी संस्थेकडे होते.

संकुलाची जागा पूर्वी सांडपाण्याचा गाळ टाकण्यासाठी वापरली जात असे. शेतजमीन किंवा मोकळे हिरवे क्षेत्र न व्यापता वापरून सोडलेल्या जमिनीवर वस्ती उभारणे हा प्रकल्पाच्या धोरणाचाच भाग होता. संकुलात खुल्या बाजारात विकलेली, अंशतः मालकीची आणि सवलतीच्या भाड्याची अशी तिन्ही प्रकारची घरे आहेत. वेगवेगळ्या उत्पन्नगटांतील कुटुंबे एकाच वसाहतीत राहत असल्याने तेथील मोजमापाला विशेष महत्त्व आले, कारण ते केवळ पर्यावरणाविषयी आस्था असलेल्या निवडक लोकांपुरते मर्यादित राहिले नाही.

रचना आणि अपेक्षित कामगिरी

ब्रिटनमध्ये घरगुती ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवण्यासाठी खर्च होतो. भारतातील बहुतांश भागात घर थंड ठेवणे हा प्रश्न असतो, तर लंडनमध्ये घरातली उष्णता बाहेर जाऊ न देणे हा मुख्य प्रश्न ठरतो. बेडझेडची रचना याच गरजेभोवती बेतलेली आहे.

घरांच्या भिंती, छत व जमीन यांत सुमारे ३०० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर आहे. खिडक्यांना तिहेरी काचा आहेत. घरांची तोंडे दक्षिणेकडे असून पुढच्या बाजूस काचेच्या बंदिस्त सज्जासारखी जागा ठेवलेली आहे. हिवाळ्यातील कमी उंचीवरच्या सूर्याची उष्णता तेथे साठते. काँक्रीटसारख्या जड साहित्याचे आतील पृष्ठभाग दिवसा ही उष्णता शोषून घेतात आणि रात्री हळूहळू परत देतात. कार्यालये उत्तरेकडे ठेवली आहेत, कारण संगणक व माणसे यांच्यामुळे ती मुळातच लवकर तापतात. छतांवर दिसणारी रंगीत, वाऱ्याबरोबर फिरणारी धुराडी ही या संकुलाची ओळख बनली आहे. ती विजेशिवाय ताजी हवा आत घेतात, वापरलेली हवा बाहेर सोडतात आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णतेचा मोठा भाग आत येणाऱ्या हवेला देतात.

उरलेली गरज भागवण्यासाठी दोन मोठ्या यंत्रणा योजल्या होत्या. पहिली होती लाकडाच्या तुकड्यांपासून वायू तयार करून त्यावर वीज आणि गरम पाणी एकाच वेळी निर्माण करणारे संयंत्र. त्याची विद्युतक्षमता १३० किलोवॅट होती आणि लंडनमधील झाडांच्या छाटणीतून निघणारे टाकाऊ लाकूड त्याचे इंधन ठरणार होते. दुसरी होती वनस्पती आणि सूक्ष्मजीव यांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करून ते शौचालये व बागांसाठी पुन्हा वापरणारी यंत्रणा. याशिवाय सुमारे ७७७ चौरस मीटर सौरपट्टिका बसवण्यात आल्या. त्यांच्या विजेवर ४० विद्युत मोटारी चालाव्यात, असा मूळ हिशेब होता.

‘शून्य ऊर्जा’ या नावाचा शब्दशः अर्थ घेता येत नाही. वर्षभरात संकुलाला लागेल तितकी ऊर्जा संकुलातच नूतनक्षम स्रोतांपासून निर्माण व्हावी, कमी पडेल तेव्हा सार्वजनिक जाळ्यातून वीज घ्यावी आणि जास्त होईल तेव्हा ती परत द्यावी, असा वार्षिक समतोल त्यात अभिप्रेत होता. त्यामुळे संयंत्र नियमित चालणे ही या दाव्याची पूर्वअट होती.

मूल्यमापनाची पद्धत

गृहसंकुलाच्या पर्यावरणीय कामगिरीचे मूल्यमापन दोन टप्प्यांवर होते. पहिल्या टप्प्यात आराखड्यावरून गणित मांडले जाते. ब्रिटनमध्ये १९९० पासून प्रचलित असलेल्या ‘ब्रीअम’सारख्या मानांकन पद्धती प्रामुख्याने या प्रकारात येतात. दुसऱ्या टप्प्यात लोक राहायला आल्यानंतर मीटरची नोंद, मुलाखती आणि प्रश्नावल्या यांद्वारे प्रत्यक्ष वापर तपासला जातो. याला निवासोत्तर मूल्यमापन म्हणतात. १९९५ ते २००२ या काळात ब्रिटनमध्ये चाललेल्या ‘प्रोब’ या अभ्यासमालिकेने इमारतींचा प्रत्यक्ष ऊर्जावापर आराखड्यातील अंदाजापेक्षा पुष्कळदा बराच जास्त असतो, हे दाखवून दिले होते. या फरकाला ‘कामगिरीतील तफावत’ असे नाव आहे.

बेडझेडमध्ये दुसऱ्या टप्प्यावर भर देण्यात आला. वीज, उष्णता व पाणी यांचे मीटर रहिवाशांना सहज दिसतील अशा ठिकाणी बसवण्यात आले. लोक राहायला आल्यानंतरच्या पहिल्या काळातील नोंदी २००३ मध्ये पुढे आल्या. २००७ मध्ये बायोरिजनलने अधिक विस्तृत पाहणी केली आणि तिचा अहवाल २००९ मध्ये ‘बेडझेड : सेव्हन इयर्स ऑन’ या नावाने प्रसिद्ध झाला. दुसऱ्या पाहणीत मीटरच्या नोंदींना प्रवास, अन्न, कचरा आणि शेजारसंबंध यांविषयीच्या प्रश्नावलीची जोड देण्यात आली.

अशा पाहणीचे आकडे वाचताना तीन बाबी तपासाव्या लागतात. मोजमापाची सीमा कोठे आखली आहे, आकडा दर घरामागे आहे की दर व्यक्तीमागे आणि तुलना कोणाशी केली आहे, या त्या तीन बाबी होत. बेडझेडच्या निष्कर्षांत या तिन्हींचा परिणाम स्पष्ट दिसतो.

बांधकाम साहित्य

घर वापरात येण्यापूर्वीच त्याच्या साहित्याचे उत्पादन आणि वाहतूक यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो. त्याला अंतर्भूत कार्बन म्हणतात. बेडझेडमध्ये वजनाने ५२ टक्के साहित्य ३५ मैलांच्या (सुमारे ५६ किलोमीटर) परिघातून आणले गेले. इमारतीच्या सांगाड्यासाठी लागलेल्या पोलादापैकी ९५ टक्के पोलाद जुन्या बांधकामांतून काढलेले होते. ते वितळवून नव्याने घडवलेले नव्हते, तर साफ करून आहे त्याच रूपात पुन्हा वापरले गेले.

तरीही संकुलाचा अंतर्भूत कार्बन दर चौरस मीटरला सुमारे ६७५ किलोग्रॅम इतका आला. नेहमीच्या घरांसाठी तो ६०० ते ८०० किलोग्रॅमच्या दरम्यान धरला जात असे. याचे कारण रचनेतच आहे. जाड भिंती आणि काँक्रीटचे वस्तुमान यांमुळे साहित्य जास्त लागते. साहित्याची काळजीपूर्वक निवड केल्यामुळे ही वाढ भरून निघाली, मात्र सर्वसाधारण घरापेक्षा फार मोठी बचत झाली नाही.

प्रत्यक्ष वापराचे निष्कर्ष

उष्णता : २००३ च्या नोंदींनुसार खोल्या उबदार ठेवण्यासाठीचा ऊर्जावापर राष्ट्रीय सरासरीपेक्षा ८८ टक्क्यांनी आणि गरम पाण्यासाठीचा वापर ५७ टक्क्यांनी कमी होता. २००७ च्या पाहणीत उष्णतेचा एकत्रित वापर सटनच्या सरासरीपेक्षा ८१ टक्क्यांनी कमी आढळला. दोन्ही पाहण्यांत चार वर्षांचे अंतर असूनही बचत टिकून राहिली, कारण ती उष्णतारोधक भिंती, काचा आणि घरांची दिशा यांवर अवलंबून होती. या गोष्टींना चालक लागत नाही आणि त्यांच्या सुट्या भागांची बदलीही करावी लागत नाही.

वीज : २००३ मध्ये दरडोई दररोज सुमारे ३ युनिट (किलोवॅट-तास) वीज वापरली जात होती आणि ती राष्ट्रीय सरासरीपेक्षा २५ टक्क्यांनी कमी होती. २००७ मध्ये हा वापर सुमारे ३.४ युनिट होता आणि तो सटनच्या सरासरीपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी असल्याचे नोंदवले गेले. म्हणजे प्रत्यक्ष वापर थोडा वाढला, परंतु बचतीची टक्केवारी मोठी झाली. पहिल्या तुलनेचा आधार दरडोई सुमारे ४ युनिटांचा, तर दुसऱ्या तुलनेचा आधार ६ युनिटांहून थोडा अधिक होता, हे साध्या भागाकारावरून समजते. तुलनेचा आधार दिल्याशिवाय केवळ टक्केवारी सांगणे किती फसवे ठरू शकते, याचे हे नेमके उदाहरण आहे.

पाणी : २००७ मध्ये रहिवासी दरडोई दररोज सुमारे ७२ लिटर नळाचे पाणी वापरत होते. सटनची सरासरी १७१ लिटर असल्याने ही घट ५८ टक्के होते. याखेरीज सुमारे १५ लिटर पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी वापरले जात होते. बचतीचा मोठा भाग कमी पाण्यात धुणारी शौचालये, नियंत्रित प्रवाहाचे नळ आणि कमी पाण्यावर चालणारी धुलाईयंत्रे यांमुळे झाला.

वाहतूक : संकुलात वाहनतळाची जागा घरांच्या संख्येच्या मानाने कमी ठेवली होती आणि सामाईक मोटारींची योजना सुरू करण्यात आली होती. मोटारीने होणारा प्रवास २००३ मध्ये ६५ टक्क्यांनी आणि २००७ मध्ये ६४ टक्क्यांनी कमी आढळला. विद्युत मोटारी मात्र त्या काळात अपेक्षेप्रमाणे वापरात आल्या नाहीत. त्यामुळे सौरपट्टिकांची वीज प्रामुख्याने इमारतींसाठीच वापरली गेली.

बंद पडलेल्या यंत्रणा

लाकडावर चालणारे संयंत्र २००५ मध्ये कायमचे बंद करण्यात आले. ते अखंड चालणे अपेक्षित होते, परंतु वारंवार थांबवावे लागे. थांबल्यावर यंत्र थंड होई आणि लाकडापासून बनलेल्या वायूतील डांबर आतल्या भागांत साचत असे. त्यातील काही भाग पूर्वी पुरेसे तपासलेले नव्हते आणि एवढ्या लहान संकुलासाठी स्वतंत्र तज्ज्ञ चालक ठेवणे परवडणारे नव्हते. त्यानंतर गरम पाण्यासाठी नैसर्गिक वायूचे बॉयलर व विजेसाठी सार्वजनिक जाळे यांचा आधार घेण्यात आला. बऱ्याच वर्षांनी लाकडाच्या इंधनावरील बॉयलर बसवण्यात आला. तो केवळ उष्णता देतो, वीज निर्माण करत नाही.

सांडपाण्याच्या यंत्रणेचीही अशीच गत झाली. लहान प्रमाणावर ती चालवण्याचा खर्च व तिला लागणारी वीज यांमुळे ती बंद करावी लागली. २००८ मध्ये ‘थेम्स वॉटर’ या कंपनीने सूक्ष्मछिद्री पडद्यांवर आधारित शुद्धीकरण केंद्र प्रयोगादाखल चालू केले, पण काही वर्षांनी तेही थांबले.

या घटनांमुळे मूल्यमापनात एक महत्त्वाचा भेद पुढे आला. घरांची ऊर्जेची मागणी कमी झाली, हे मीटरवरून सिद्ध होते. उरलेली ऊर्जा जीवाश्म इंधनाशिवाय मिळाली का, हा वेगळा प्रश्न असून २००५ नंतर त्याचे उत्तर नकारार्थी होते. म्हणून ‘शून्य ऊर्जा’ हे नाव प्रकल्पाच्या हेतूचे वर्णन करते. त्यावरून प्रत्यक्ष कामगिरी सिद्ध होत नाही. दुसरीकडे, मागणी आधीच घटवलेली असल्यामुळे संयंत्र बंद पडूनही रहिवाशांना जास्तीची ऊर्जा फारशी घ्यावी लागली नाही. मागणी न घटवता केवळ नूतनक्षम ऊर्जायंत्रावर विसंबले असते, तर यंत्रासोबत संपूर्ण बचत नाहीशी झाली असती.

पर्यावरणीय पाऊलठसा

माणसाच्या उपभोगासाठी किती उत्पादक जमीन व जलक्षेत्र लागते, हे ‘जागतिक हेक्टर’ या एककात सांगणारी पर्यावरणीय पाऊलठसा ही संकल्पना मॅथिस वॅकरनेगल आणि विल्यम रीस यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. बायोरिजनलने बेडझेडसाठी हीच पद्धत वापरली, कारण घरापुरते मोजमाप केल्यास रहिवाशांचे अन्न, प्रवास आणि खरेदी हिशेबाबाहेर राहते.

२००९ च्या अहवालानुसार सरासरी रहिवाशाचा पाऊलठसा ४.६७ जागतिक हेक्टर होता. जगातील सर्व माणसे अशा प्रकारे राहिली, तर २.६ पृथ्वी लागतील, असा त्याचा अर्थ होतो. ऊर्जायंत्रणा मूळ योजनेप्रमाणे कार्बनविरहित चालली असती, तर हा आकडा ४.३२ हेक्टरवर, म्हणजे २.४ पृथ्वींवर आला असता. जाणीवपूर्वक काटकसरीने राहणाऱ्या रहिवाशाचा ठसा सुमारे ३ हेक्टर, म्हणजे १.७ पृथ्वी इतका ठरला.

बंद पडलेल्या संयंत्राची चर्चा सर्वाधिक झाली, तरी ते सुरळीत चालले असते तर सरासरी ठशात सुमारे ०.३५ हेक्टरचाच फरक पडला असता. सरासरी आणि काटकसरी रहिवासी यांच्यातील अंतर मात्र सुमारे १.६७ हेक्टर आहे. त्याचबरोबर काटकसरी रहिवाशालाही एका पृथ्वीची मर्यादा गाठता आली नाही. रुग्णालये, शाळा, रस्ते व शासकीय कामकाज अशा सार्वजनिक सेवांचा वाटा प्रत्येकाच्या हिशेबात धरला जातो आणि तो कमी करणे कोणत्याही एका कुटुंबाच्या हाती नसते. विमानप्रवासाच्या बाबतीत बेडझेडचे रहिवासी स्थानिक सरासरीपेक्षा अधिक प्रवास करतात, असेही आढळले. त्यामुळे मोटारीच्या वापरातील बचतीचा काही लाभ कमी झाला.

रहिवाशांचा अनुभव

निवासोत्तर मूल्यमापनात राहणाऱ्यांचे समाधान हाही एक निकष असतो, कारण गैरसोयीचे घर लोक बदलून घेतात आणि मग मूळ रचनेचा लाभ उरत नाही. बेडझेडमध्ये सरासरी रहिवासी सुमारे २० शेजाऱ्यांना नावाने ओळखत असल्याचे २००७ च्या पाहणीत दिसले. वाहनविरहित पायवाटा, छतावरच्या बागा आणि सामाईक मोकळ्या जागा यांचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते. उन्हाळ्यात घर फार तापते, अशी काही रहिवाशांची तक्रारही नोंदवली गेली. हिवाळ्यात उष्णता साठवणारी काचेची दक्षिण बाजू उन्हाळ्यात पुरेशा सावलीअभावी अडचणीची ठरते. हवामान अधिक उष्ण होत असताना थंड प्रदेशांतील गृहरचनेपुढे हा प्रश्न उभा राहिला आहे.

मर्यादा

बेडझेडच्या मूल्यमापनाला काही मर्यादा आहेत. सर्वाधिक उद्धृत केले जाणारे अहवाल प्रकल्पाच्या निर्मितीत सहभागी असलेल्या संस्थेनेच तयार केले. तथापि अपयशी यंत्रणांची माहिती त्यांत उघडपणे दिलेली आहे. प्रवास, खरेदी व आहार यांची माहिती रहिवाशांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारित असल्याने ती मीटरच्या नोंदीइतकी काटेकोर नाही. घरांची संख्या कमी असल्यामुळे मोजक्या कुटुंबांच्या सवयींचाही सरासरीवर परिणाम होतो. शिवाय कमी मोटारप्रवासामागे संकुलाची रचना किती आणि अशा संकुलात राहणे पसंत करणाऱ्यांचा मूळचा कल किती, हे अशा पाहणीतून पूर्णपणे वेगळे करता येत नाही.

प्रभाव

बेडझेडची निवड २००३ मध्ये वास्तुकलेच्या ‘स्टर्लिंग पारितोषिका’च्या अंतिम यादीत झाली. या प्रकल्पाच्या अनुभवातून बायोरिजनल आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ यांनी ‘वन प्लॅनेट लिव्हिंग’ ही दहा तत्त्वांची चौकट मांडली. तिच्यात ऊर्जेबरोबरच अन्न, वाहतूक, पाणी, कचरा आणि समाजजीवन यांचाही विचार होतो. २००६ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधील सर्व नवी घरे २०१६ पासून कार्बनशून्य असावीत, असे उद्दिष्ट जाहीर केले. त्या वेळच्या चर्चेत बेडझेडचा दाखला वारंवार दिला गेला. हे उद्दिष्ट २०१५ मध्ये मागे घेण्यात आले.

गृहप्रकल्पांच्या नियोजकांनी बेडझेडवरून घेतलेले धडे प्रामुख्याने क्रमाविषयीचे आहेत. आधी भिंती, काचा, दिशा आणि वायुवीजन यांद्वारे गरज घटवावी. त्यानंतर साधी, सिद्ध झालेली व देखभालीची सोय असलेली यंत्रे निवडावीत. लोक राहायला आल्यानंतर अनेक वर्षे मोजमाप चालू ठेवावे आणि त्याचे निष्कर्ष प्रतिकूल असले तरी प्रसिद्ध करावेत. यांतील शेवटच्या बाबीमुळे बेडझेडचे अपयशही पुढील प्रकल्पांच्या उपयोगी पडले.